मोरोक्कोच्या हम्माममध्ये पहिल्यांदा जाताना

मोरोक्कोला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत माराकेशचा बाजार असतो, निळं शेफशावन असतं, सहारात तंबूतली एक रात्र असते. हम्माम, म्हणजे तिथलं वाफेचं सार्वजनिक न्हाणीघर, असलाच तर ‘वेळ मिळाला तर बघू’ या रकान्यात. परतताना मात्र बॅगेत काळ्या साबणाचा डबा, तपकिरी मातीची पुडी आणि अर्गान तेलाची बाटली हमखास येते. मग घरी कोणीतरी तो साबण रोजच्यासारखा अंगाला लावतं, दोन मिनिटांत धुऊन टाकतं आणि म्हणतं, ‘एवढं काय कौतुक याचं?’

कौतुक आहे ते क्रमाचं. आधी ऊब, मग साबण, मग थांबणं, मग घासणं, मग माती आणि सगळ्यात शेवटी तेल. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे आधी तेल चोळतात आणि मग उटणं लावतात, त्यामुळे मराठी हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे आधी जातो. इथे तसं केलं तर पुढचं सगळं फुकट. तेलकट अंगावर घासायचा हातमोजा नुसता घसरत राहतो आणि काहीच निघत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की केली की बाकीचं आत गेल्यावर आपोआप समजत जातं. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला बावरायला होतं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

हम्माम म्हणजे नक्की काय

मोरोक्कोतल्या जुन्या शहराच्या, म्हणजे मदिनेच्या, प्रत्येक मोहल्ल्यात काही गोष्टी ठरलेल्या असायच्या: मशीद, मुलांची कुराणशाळा, सार्वजनिक पाण्याचा नळ, पाव भाजायची सामाईक भट्टी आणि हम्माम. घरोघरी न्हाणीघर नव्हतं तेव्हा आठवड्याची आंघोळ इथेच व्हायची. आता घरात शॉवर आहे, तरी आठवड्यातून एकदा हम्मामला जाणारे अजून पुष्कळ. नमाजाआधीच्या शुद्धीशी त्याचा संबंध आहेच, पण बायकांसाठी ती घराबाहेर निवांत बसायची जागाही आहे. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी आणि घरच्या बायका हम्मामला नेतात. मेंदी त्यानंतर, कारण आधी मेंदी काढली तर घासण्यात तिचा रंग जाईल. पाहुण्यांनीही हेच लक्षात ठेवावं. मेंदी काढायची असेल तर हम्माम झाल्यावर.

जमिनीखाली किंवा भिंतीपलीकडे भट्टी असते. तिची धग फरशीखालून फिरते, म्हणून खोलीत कुठेही आग दिसत नाही आणि बूड मात्र गरम होतं. हे तंत्र रोमन लोकांचं. मेकनेसजवळ व्होलुबिलिस या रोमन शहराच्या अवशेषांत अशी स्नानगृहं आजही पाहता येतात. फेस शहरातला सफ्फारीन हम्माम १४व्या शतकातला आहे. आपल्याकडेही दौलताबादच्या किल्ल्यात हम्माम आहे, पण तो बघायचा, वापरायचा नाही.

भट्टीची राख वाया जात नाही, हे मला या सगळ्या व्यवस्थेत फार आवडतं. माराकेशचे लोक मातीच्या उभट मडक्यात मटण, लसूण, जिरं, केशर आणि खारवलेलं लिंबू भरतात, तोंडाला कागद बांधतात आणि ते मडकं हम्मामच्या भट्टीवाल्याकडे देऊन येतात. राखेत ते तासन् तास शिजत राहतं. या पदार्थाचं नाव तंजिया. आंघोळ आणि जेवण एकाच जाळावर.

आत साधारण तीन खोल्या असतात. बर्रानी म्हणजे बाहेरची, कोमट. वस्तानी म्हणजे मधली, गरम. दाखली म्हणजे आतली, सगळ्यात तापलेली, आणि गरम पाण्याचा हौदही बहुतेक तिथेच. वर घुमट, घुमटात काचा बसवलेली छोटी गोल भोकं, त्यातून उजेडाच्या तिरप्या काठ्या वाफेत उतरलेल्या. चांगल्या जुन्या किंवा खर्चिक हम्माममध्ये भिंतींना तादलाक्त असतं. हा माराकेशकडचा चुन्याचा गिलावा. तो गुळगुळीत दगडाने घोटतात आणि त्यावर साबणाचं पाणी फिरवतात, की चुना आणि साबण मिळून पाणी न झिरपणारा थर तयार होतो. साबणही तोच, जो तुमच्या अंगाला लागणार आहे.

कुठे जायचं

दोन पर्याय आहेत आणि दोन्ही वेगळे अनुभव आहेत.

मोहल्ल्यातला सार्वजनिक हम्माम स्वस्त. आत जायचे साधारण १० ते २० दिरहम, घासून घ्यायचं असेल तर त्याचे वेगळे ५० ते १०० दिरहम, माणूस आणि गाव बघून. एक दिरहम म्हणजे ढोबळमानाने नऊ-दहा रुपये. दारावर पाटी असेलच असं नाही. शेजारी लाकडाचा ढीग आणि धुराडं दिसलं, बादल्या घेऊन बायका आत-बाहेर करताना दिसल्या, तर तो हम्माम. बायका आणि पुरुष कधीच एकत्र नसतात. कुठे दोन वेगळे दरवाजे असतात, कुठे वेळा वाटून दिलेल्या: पुष्कळ ठिकाणी दिवसा बायका, पहाटे आणि रात्री पुरुष. दारात उभं राहून अंदाज बांधू नका, मुक्कामाच्या ठिकाणी विचारून निघा. नवराबायकोने ‘आपण दोघं एकत्र जाऊ’ म्हणायचं असेल तर ते फक्त खाजगी स्पामध्ये शक्य.

स्पातला हम्माम म्हणजे रियादमधली (मधे अंगण असलेल्या जुन्या वाड्यातली) किंवा हॉटेलातली खोली, आधी वेळ ठरवून, काही शे दिरहम. तिथे टॉवेल, साबण, चपला सगळं मिळतं, घासण्याला फ्रेंच धाटणीने ‘गोमाज’ म्हणतात, मंद संगीत असतं आणि नंतर पुदिन्याचा चहा येतो. अनोळखी लोकांसमोर कपडे काढायचा संकोच असेल, तर पहिली वेळ इथे घालवण्यात काही कमीपणा नाही. पण माझं मत विचाराल तर खरा हम्माम बादल्यांच्या खडखडाटात आहे. शिवाय आपण मराठी लोक बादली-तांब्याच्या आंघोळीत वाढलेलो. युरोपातले पाहुणे बादलीकडे बघत बसतात, आपल्याला तो प्रश्न नाही.

गर्दी टाळायची असेल तर गुरुवारी संध्याकाळी आणि ईदच्या आधीच्या दिवसांत जाऊ नका. आणखी एक: मोरोक्कोने सलग काही वर्षं कोरडा दुष्काळ सोसला. २०२४ च्या सुरुवातीला पाणी वाचवण्यासाठी कासाब्लांकासह काही शहरांतले हम्माम आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवायचे आदेश निघाले होते. त्यामुळे हम्माम आज चालू आहे का, हे आधी विचारावं. आणि आत बादल्या भरभरून उधळायच्या नाहीत, हेही त्यातच आलं.

सहलीत हम्माम कधी ठेवायचा? वाळवंटातून परतल्यावर. मेर्झूगाची वाळू कानात आणि केसांच्या मुळांत जाऊन बसते, ती काढायला याहून चांगला उपाय नाही. पहिल्या दिवशी हम्माम आणि लगेच दुपारभर उन्हात भटकंती, असं मात्र करू नका. घासलेली त्वचा ऊन सहन करत नाही.

पिशवीत काय न्यायचं

सार्वजनिक हम्माममध्ये काही मिळेल हे गृहीत धरू नका. जवळ ठेवा: साबून बेल्दी म्हणजे काळा साबण, केस्सा म्हणजे घासायचा खरखरीत हातमोजा, थोडी घासूल माती, शँपू, कंगवा, रबरी चपला, बसायला प्लॅस्टिकची छोटी चटई किंवा पाट, पाणी ओतायला एक लहान भांडं, मोठा टॉवेल, आणि कोरडे अंतर्वस्त्र. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग ओल्यातच परततात. काही ठिकाणी साबणाची छोटी पुडी आणि हातमोजा दारातच विकत मिळतो. केस्सा मात्र स्वतःचाच हवा, दुसऱ्याचा वापरायचा नाही.

मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं, जोडवी खोलीवर काढून ठेवा. धातू तापून चटका देतो आणि घासताना हातमोज्यात अडकतो. लेन्स काढा. फोन आत न्यायचाच नाही, इतर बायका उघड्या बसलेल्या असतात. सुटे पैसे जवळ असू द्या.

जायच्या दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी करू नका, आदल्या दिवशीही टाळलेलं बरं. दोन तास आधी हलकं खा, पाणी भरपूर प्या. अंगाला लोशन, तेल काहीही नको.

आत गेल्यावर

बाहेरच्या खोलीत कपडे काढून पिशवी तिथल्या बाईकडे सोपवायची. बायका खालचं अंतर्वस्त्र ठेवतात, वरचं काढतात. पुरुष चड्डीवर असतात. पूर्ण नागवं कोणी होत नाही, तुम्हीही होऊ नका. स्पामध्ये बहुतेकदा कागदी चड्डी देतात, ती फार टिकाऊ नसते, तेव्हा सांभाळून.

सार्वजनिक हम्माममध्ये घासून देणाऱ्या बाईला तय्याबा म्हणतात, पुरुषांकडे कस्साल असतो. पैसे आधी ठरवून घ्या, मग आत चला.

आधी आतल्या खोलीत बसून अंग तापू द्यायचं. भिंतीलगत आपली जागा धरा, ती फरशी दोन भांडी पाण्याने धुऊन घ्या, मगच चटई टाका. दोन-तीन बादल्या जवळ ओढा: एकीत कढत, एकीत गार, तिसरीत मिसळून कोमट. थेट गरम बादलीतून अंगावर घेऊ नका, पाणी खरोखर भाजेल इतकं तापलेलं असू शकतं. कोमट पाणी डोक्यावरून घेत राहायचं आणि नुसतं बसायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शहरी माणसाला हाच भाग सगळ्यात अवघड जातो, कारण करायला काहीच नसतं. गरगरायला लागलं तर बाहेरच्या खोलीत येऊन बसा. कोणी हसत नाही, तिथल्या बायकाही आत-बाहेर करतात.

मग साबून बेल्दी. दिसायला तो साबण वाटतच नाही. गर्द हिरवट-तपकिरी, काकवीसारखा चिकट लगदा, वास ऑलिव्हचा आणि कधी निलगिरीचा. ऑलिव्ह तेल, कुटलेली ऑलिव्ह फळं आणि पोटॅशचं क्षारयुक्त पाणी यांपासून तो करतात. फेस येईल म्हणून वाट बघू नका, फारसा येत नाही. ओल्या अंगावर पातळ थर लावायचा. डोळ्यांपासून लांब ठेवा, झोंबतो. लावून पुन्हा पाच ते दहा मिनिटं बसायचं. तापलेल्या अंगावर हा क्षारीय साबण त्वचेचा वरचा मृत थर भिजवून सैल करतो. त्याचं काम एवढंच.

आणि आता पुष्कळांचं चुकतं ते इथे. साबण पूर्ण धुऊन टाकायचा. अंगावर निसटतेपणा राहिला असेल तर आणखी पाणी घ्या. बोट फिरवल्यावर किंचित अडखळलं पाहिजे. मगच हातमोजा.

तय्याबा काम सुरू करते तेव्हा तुमचं मत विचारत नाही. ती तुमचा हात धरून आपल्या मांडीवर ओढते, मनगटापासून खांद्यापर्यंत लांब, एका दमाचे हात मारते. मांडीवर थापटी मारली की कुशी बदलायची. मान घासताना डोकं आपल्या गुडघ्यावर दाबून धरते. दोन-चार हातांतच राखाडी रंगाच्या बारीक वळ्या निघायला लागतात, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या. ती त्या बोटाने दाखवते आणि खूश होते. तुम्ही लाजू नका, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्याही निघतात, तो मळ कमी आणि मेलेली त्वचा जास्त असते. काहीच निघालं नाही, तर अंग तापलं नव्हतं किंवा साबण राहिला होता.

दुखलं तर गप्प बसू नका. ‘ब्श्विया’ म्हणजे हळू. ‘साफी’ म्हणजे पुरे. गरम पाणी हवं तर ‘स्खून’, गार हवं तर ‘बारद’. चार शब्दांत हम्माम पार पडतो. चेहरा, छाती, काखा इथे हलका हात हवा, हे खुणेने सांगा. तीळ, फोड, जखम असेल तिथे हात लावू देऊ नका. भाजल्यासारखं लालभडक होणं म्हणजे चांगलं घासलं असं नाही. हलकी गुलाबी छटा आणि हाताखाली मऊपणा, तेवढं पुरे.

सगळं झाल्यावर ती बादली उचलते आणि न सांगता डोक्यावर रिकामी करते. तोंड मिटून ठेवा.

पाठ घासायला तय्याबा घेतली नसेल तरी अडत नाही. शेजारी बसलेली अनोळखी बाई खूण करून पाठ पुढे करते, तुम्ही तिची घासायची, ती तुमची. नाही म्हणणं तिथे जरा तुटक दिसतं. मला हा भाग तय्याबापेक्षाही जास्त भावतो.

यानंतर घासूल. ही मोरोक्कोची धुवायची माती. मौलूया नदीच्या खोऱ्यात, मिसूर गावाच्या परिसरात, अॅटलासच्या पायथ्याशी तिच्या खाणी आहेत. खनिजाचं नाव स्टीव्हेन्साइट, मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती, पाणी पिऊन फुगणारी. पातळ चकत्यांच्या रूपात किंवा भुकटी करून मिळते. कोमट पाण्यात किंवा गुलाबपाण्यात भिजवायची. घरोघरी त्यात लवंग, लॅव्हेंडर, कॅमोमाइल, सुकलेल्या गुलाबपाकळ्या घालतात. केसांना आणि अंगाला दह्याइतकी पातळ करून लावायची, पाच मिनिटं ठेवायची आणि वाळायच्या आत धुवायची. पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवली तर त्वचा ओढली जाते. केस आधीच कोरडे, रंगवलेले असतील तर फक्त टाळूला लावा. धुवायला वेळ लागतो, कणाकणाने निघते, म्हणून त्यासाठी एक पूर्ण बादली राखून ठेवा.

मग लागेल तर शँपू, शेवटी कोमटाहून किंचित गार पाणी, आणि आपली जागा धुऊन पुढच्या माणसासाठी सोडायची. बर्रानीत थोडं थांबून बाहेर यायचं. घाईने थेट रस्त्यावर गेलात तर चक्कर येऊ शकते. बाहेरच्या खोलीत टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बसा, पाणी प्या. पुष्कळ बायका सोबत संत्री आणतात. तेव्हा त्या संत्र्याची चव वेगळीच लागते, हे मात्र खरं. कोणी ‘ब्सह्हा’ म्हणालं तर ती आंघोळीनंतरची शुभेच्छा, उत्तर ‘अल्लाह याअतिक अस्सह्हा’. जमलं नाही तर हसून मान हलवली तरी चालतं. तय्याबाला ठरल्यापेक्षा थोडं जास्त देतात.

तेल आता. खोलीवर गेल्यावर, अंग किंचित ओलसर असताना, अर्गान तेलाचे पाच-सहा थेंब तळहातावर चोळून. जास्त घेतलंत तर कपडे तेलकट होतील एवढंच. त्या दिवशी अत्तर, डिओ, ऊन, समुद्र, वॅक्सिंग काही नको.

कोणी जाऊ नये

गरोदरपणात, हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट येत असेल, ताप किंवा जुलाब चालू असतील तर नको. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक हम्माम टाळतात. एक्झिमा, सोरायसिस, उन्हाने भाजलेली त्वचा, चेहऱ्यावर पिकलेले फोड असतील तर केस्सा वर्ज्य. रेटिनॉल किंवा तत्सम सोलवटणारी औषधं चेहऱ्याला लावत असाल तर चेहरा सोडून द्या.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ती जास्त घासली की गोऱ्या त्वचेसारखी नुसती लाल होऊन बरी होत नाही, काळवंडते. पाठीवर, खांद्यांवर, हाडं वर येतात तिथे खरखरीत कापडाने वर्षानुवर्षं घासणाऱ्यांना काळसर पट्टे येतात आणि भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे नवीन नाही. तेव्हा ‘अजून निघतंय, अजून घास’ हा मोह आवरा.

बाजारातून काय आणायचं, काय नाही

माराकेशच्या रहबा कदीमा या मसाल्यांच्या चौकात दुकानांचे ढीग रंगीत असतात आणि बोलणं त्याहून रंगीत. काळा साबण वजनावर मिळतो. चांगला असेल तर त्याला ऑलिव्हचा वास येतो, झगमगीत हिरवा रंग आणि भडक अत्तर असेल तर सोडा. प्रवासात झाकण सुटून कपडे बरबटतात, म्हणून डबा पिशवीत गुंडाळून चेक-इन सामानात.

घासूल घेताना भुकटीपेक्षा चकत्या घ्याव्यात, त्यात काही मिसळणं अवघड.

अर्गानची गोष्ट मोठी आहे. हे झाड नैर्ऋत्य मोरोक्कोत, सूस खोरं, अगादीर आणि एसाउइराच्या पट्ट्यात वाढतं. युनेस्कोने १९९८ मध्ये हे जंगल जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं आणि २०१४ मध्ये अर्गानशी जोडलेलं ज्ञान आणि रीती अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. १० मे हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला अर्गान दिन. फळाच्या आतली टणक कवटी बायका दोन दगडांमध्ये हाताने फोडतात. यंत्रं आली तरी हे काम पुष्कळ ठिकाणी अजून हातानेच होतं. एक लीटर तेलासाठी तीसेक किलो किंवा जास्त फळं लागतात. रबातच्या मोहम्मद पाचवा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ झुबेदा शर्रूफ यांनी १९९६ मध्ये तमनार इथे बायकांची पहिली अर्गान सहकारी संस्था उभी केली. आज सहकारी म्हणवणारी दुकानं हमरस्त्यावर रांगेने आहेत आणि त्यातली सगळी खरी नाहीत. समोर दोन बायका कवट्या फोडत बसलेल्या दिसल्या म्हणजे बाटलीतलं तेलही त्यांचंच, असा निष्कर्ष काढू नका. झाडावर चढलेल्या बकऱ्यांचे फोटो काढायला गाडी थांबवतात, त्या बकऱ्याही पुष्कळदा पर्यटकांसाठीच वर चढवलेल्या असतात.

तेल दोन प्रकारचं. खायचं तेल भाजलेल्या बियांचं, गडद आणि खमंग. त्यात बदाम आणि मध वाटून अमलू करतात, पावाबरोबर. अंगाला लावायचं तेल कच्च्या बियांचं, फिकट सोनेरी, वास अगदी मंद. घटकांमध्ये एकच नाव हवं, अर्गानिया स्पिनोसाच्या बियांचं तेल. पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली आणि संशयास्पद स्वस्त भाव, दोन्ही एकत्र दिसले तर पुढे चला.

गुलाबपाणी घ्यायचं तर दादेस खोऱ्यातल्या केलात मगूनाचं नाव आहे. तिथे मे महिन्यात गुलाब तोडणीचा उत्सव भरतो. संत्र्याच्या फुलांचं पाणीही सुरेख असतं.

टाळायच्या गोष्टी: ‘गोरं करते’ म्हणून विकली जाणारी निळी भुकटी, घटक न सांगितलेली क्रीम, सुटं काजळ (त्यात शिसं असू शकतं), आणि चौकात बसून काढून देतात ती काळी मेंदी. मेंदी नैसर्गिकपणे केशरी-तपकिरीच होते. झटकन काळी होणाऱ्या लेपात केस रंगवण्याचं रसायन मिसळलेलं असतं आणि त्याने फोड येऊन कायमचे व्रण राहिल्याची उदाहरणं आहेत. दुकानदार कितीही गोड बोलला तरी नाही म्हणा.

पुण्या-मुंबईच्या बाथरूममध्ये

फरशीखालची भट्टी घरी आणता येत नाही, पण रविवार सकाळ मोकळी असेल तर बऱ्यापैकी जमतं.

सगळ्यात आधी धोक्याची गोष्ट. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर दारं-खिडक्या लावून वाफ कोंडू नका. बंद जागेत गॅस गीझर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. दरवर्षी हिवाळ्यात त्याने माणसं जातात. गॅस गीझर असेल तर दोन बादल्या कढत पाणी काढून घ्या, गीझर बंद करा, बाथरूम पाच मिनिटं उघडं ठेवा, मगच आत जा. इलेक्ट्रिक गीझरला ही भीती नाही.

कढत पाण्याची बादली जमिनीवर ठेवून दार लोटा, फरशीवर गरम पाणी टाका, पाटावर बसा. दहा मिनिटं कोमट पाणी अंगावर घेत राहा. कपाळाला घाम यायला हवा, तो आला नाही तोवर साबण उघडू नका. मग चमचाभर साबण ओल्या अंगाला, पाच मिनिटं थांबणं, नीट धुणं, आणि हातमोज्याने लांब, हलके हात. पायांपासून वर, हृदयाच्या दिशेने जातात. पाठ मात्र घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या, एकट्याने होत नाही.

घासूलचे दोन मोठे चमचे आधीच वाटीत भिजवून ठेवा, अर्ध्या तासात मऊ होते. ढवळायची गरज पडत नाही, आपोआप विरघळते. धुण्याआधी पाणी जायच्या भोकाला जाळी लावा, नाहीतर माती पाइपात जाऊन बसते आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. बाथरूमची फरशी साबणाने आणि मातीने भयंकर निसरडी होते, घरात वयस्क कोणी असतील तर बाहेर येण्याआधी ती धुऊन टाका.

मोरोक्कोत आठवड्याला हम्माम असतो म्हणून आपणही तसंच करायचं असं नाही. दमट हवेत, रोजच्या आंघोळीच्या सवयीत, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. हिवाळ्यात त्वचा फुटत असेल तर महिन्यातून एकदा, आणि तेल थोडं जास्त.

हातमोजा दर वेळी साबणाने धुऊन, पिळून, वाऱ्यावर वाळवायचा. बाथरूमच्या खुंटीवर ओला लटकवला तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते. काही महिन्यांनी तो गुळगुळीत होतो, तेव्हा बदला. साबणाच्या डब्यात ओला हात घालू नका, कोरडा चमचा ठेवा. माती कोरड्या बरणीत कितीही टिकते. तेलाची बाटली बाथरूममध्ये नको, कपाटात अंधारात ठेवा आणि उघडल्यावर वर्षभरात संपवा. तळणाच्या जुन्या तेलासारखा खवट वास यायला लागला की ती टाकून द्यायची.